ऑलिम्पिकचा नियम तालुक्याला लावू नका

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या बॉक्सिंगमध्ये इटलीच्या अँजेला कारिनीने ४६ सेकंदांत लढत सोडून दिली आणि रात्रीपर्यंत नागपुरातल्या माझ्या ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर एकच मजकूर फिरू लागला: बायकांच्या गटात पुरुष उतरवला. समोरची इमान खलीफ ट्रान्सजेंडर नाही, जन्माच्या नोंदीपासून ती मुलगी आहे आणि मुलींमध्येच लढत आली आहे, एवढं पाहायला कुणी थांबलं नाही. मग उलट बाजूचे मजकूर आले. ट्रान्स स्त्री (जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेली, पण स्त्री म्हणून जगणारी) ही स्त्रीच आहे, शरीराचा विषय काढणं हाच द्वेष, चर्चा संपली. तेव्हापासून आपल्याकडचा वाद या दोन आरोळ्यांपाशीच अडकलाय. जगात त्याच्या आधीपासूनच एकामागून एक नियम येत होते. जलतरण संघटनेने जून २०२२ मध्ये, अॅथलेटिक्सने मार्च २०२३ मध्ये, आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये, मुलगा म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना आंतरराष्ट्रीय महिला गटातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ पासून अॅथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा जनुकीय चाचणी द्यावी लागते. आपण मात्र अजून ‘ही खरी बाई आहे का’ हेच विचारतोय. दोन्ही बाजू हाच प्रश्न विचारतात, फक्त उत्तर वेगळं देतात. खेळाच्या नियमाला या प्रश्नाची गरज नाही. हा गट कशासाठी केला आणि या पातळीवर कुणाचं काय पणाला लागलंय, हे त्याने विचारायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगते. जिथे वेग, ताकद किंवा अंगावर येणारा मार निकाल ठरवतो, तिथे राष्ट्रीय निवडीपासून वरचा महिला गट मुलगा म्हणून वयात न आलेल्यांसाठीच राखलेला असावा. त्याच्या खाली, म्हणजे शाळा, कॉलेज, तालुका, जिल्हा, क्लब, रविवारची मॅरेथॉन, तिथे ट्रान्स खेळाडूला ती ज्या ओळखीने जगते त्या गटात खेळू द्यावं. आणि कुठल्याही पातळीवर कुणाच्या नुसत्या दिसण्यावरून तिचं शरीर तपासलं जाऊ नये. पहिल्या मुद्द्यावर माझे पुरोगामी मित्र नाराज होतात, दुसऱ्यावर मैदानावरचे. मी कॉलेजात कबड्डी खेळले, माझी भाची ४०० मीटर पळते, त्यामुळे मला यात दोन्हीकडचं काहीतरी गमवायचं आहे.

महिला गट का आहे ते आधी पाहू. शंभर मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंद, बायकांचा १०.४९. द्युती चंदने २०२१ मध्ये ११.१७ चा राष्ट्रीय विक्रम केला. आपल्याकडची अठरा वर्षांखालची मुलं कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत दरवर्षी यापेक्षा कमी वेळात पळतात. द्युतीची मेहनत त्या मुलांपेक्षा कमी होती का? तिचा प्रशिक्षक वाईट होता का? वरच्या पातळीवर धावण्यात हा फरक साधारण दहा-बारा टक्क्यांचा असतो, वजन उचलण्यात त्याहून बराच जास्त, आणि तो वयात येताना पडतो. निरोगी प्रौढ पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) साधारण ८ ते २९ नॅनोमोल प्रति लिटर असतं, स्त्रियांत बहुतेक वेळा २ च्या खाली. त्यातून उंची, हाडांची जाडी, हृदयाचा आकार, रक्तातलं हिमोग्लोबिन, स्नायूंचं प्रमाण असं सगळंच बदलतं. स्त्रियांची वेगळी शर्यत या एका कारणासाठी आहे. ती नसती तर अंतिम फेरीत बाई दिसली नसती.

वयोगटांचं उदाहरण मला इथे सगळ्यात जवळचं वाटतं. सोळा वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते. ज्या पोराचं हाड पुढे गेलेलं निघतं तो बाद होतो. त्यात कित्येकांचा जन्मदाखला खरा असतो, पोरगं प्रामाणिक असतं, फक्त शरीर लवकर भरलेलं असतं. त्याला कुणी लबाड म्हणावं असं नाही, आणि तो मूल नाही असंही कुणी म्हणत नाही. घरी तो मूल, शाळेत मूल, कायद्याने मूल, फक्त त्या गटासाठी त्याचं शरीर पुढे गेलेलं आहे. ट्रान्स स्त्रीबद्दल हीच गोष्ट इतक्याच सरळपणे आपण का बोलू शकत नाही? १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तो निकाल मला पूर्ण मान्य आहे. रेशनकार्डावर, नोकरीत, दवाखान्यात, वसतिगृहात तिला बाई म्हणूनच वागवलं पाहिजे. मात्र ओळखीचा हक्क आणि एखाद्या खेळगटाची पात्रता या दोन गोष्टी एकाच कागदाने ठरत नाहीत.

यावर येणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा की ट्रान्स खेळाडूंनी सगळी पदकं पळवली असं कुठे झालंय? न्यूझीलंडची ट्रान्स वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८७ किलोवरच्या गटात उतरली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. तिची एकही उचल वैध ठरली नाही आणि ती स्पर्धेबाहेर झाली. हे खरं आहे आणि भीती पसरवणाऱ्यांनी ते सोयीने विसरायला नको. दुसरा आक्षेप, संप्रेरकं कमी केली की फायदा जातो. अमेरिकी हवाई दलातल्या ट्रान्स स्त्रियांच्या नोंदींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर पुशअप आणि सिटअपमधला फरक संपलेला दिसला. त्याच अभ्यासात धावण्यात त्या दोन वर्षांनंतरही सुमारे बारा टक्क्यांनी पुढे होत्या. म्हणजे काही जातं, काही राहतं. हाडांची लांबी तर कुठल्याच गोळीने कमी होत नाही. तिसरा आक्षेप मला सगळ्यात हुशार वाटतो: जलतरणपटू मायकल फेल्प्सचे हात लांब होते, मग त्याला का नाही वगळलं? कारण आखूड हातवाल्यांसाठी वेगळा गट आपण केलेला नाही. स्त्रियांसाठी केलाय. ज्या फरकासाठी गट पाडला तोच फरक ‘नैसर्गिक देणगी’ म्हणून आत घ्यायचा असेल तर गट कशाला ठेवायचा? आणि उदाहरणं थोडी आहेत म्हणून नियम नको, हे मला पटत नाही. अंतिम फेरीत आठ लेन असतात. नववी मुलगी आकडेवारीत दिसत नाही, पण ती असते.

या नियमाची किंमत मात्र लपवू नये. ‘वयात यायच्या आधी उपचार सुरू केलेल्या चालतील’ असं जलतरण संघटना म्हणते आणि बारा वर्षांची मर्यादा घालते. भारतात बाराव्या वर्षी आपल्या मुलाचं हे ऐकून डॉक्टरकडे नेणारं घर मला दाखवा. आपल्यासाठी हा नियम म्हणजे बंदीच आहे. एका छोट्या समूहाला आपण सांगतोय की सगळ्यात वरचं दार तुला बंद. ते सांगताना आवाज खाली असला पाहिजे आणि बाकीची सगळी दारं उघडी असली पाहिजेत.

नागपुरात, दीक्षाभूमीच्या गावात, या बंदीवर एक प्रश्न येणारच आणि तो यायलाच हवा. जन्माने मिळालेल्या शरीरावरून माणसाला बाहेर ठेवणं ही अस्पृश्यता नाही का? पळवणकर बाळूंची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पुण्यात गोऱ्यांच्या मैदानावर खेळपट्टीवर राबता राबता ते गोलंदाज झाले. हिंदू क्लबात त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं. बाळूंना ज्या कारणाने मागे ठेवलं त्याचा चेंडूच्या वळण्याशी काडीचा संबंध नव्हता. वयात येताना घडलेल्या शरीराचा शंभर मीटरच्या वेळेशी थेट संबंध आहे. म्हणून वरच्या पातळीवर ही तुलना मी मान्य करत नाही. पण खाली या. कॉलेजच्या कबड्डीत, वस्तीच्या व्हॉलीबॉलमध्ये, सकाळी रेशीमबागेच्या मैदानावर एकत्र पळणाऱ्या ग्रुपमध्ये ट्रान्स मुलीला ‘तू आमच्यात नको’ म्हटलं जातं तेव्हा पणाला काय लागलेलं असतं? पदक नसतं, विक्रम नसतो. तिथे फक्त तिच्याबरोबर खेळायचं नसतं, आणि तिथे ती तुलना शंभर टक्के लागू पडते. नागपुरातली बहुतेक तृतीयपंथी मंडळी बधाई आणि मंगतीवर जगतात. शाळा सुटते ती त्याच वयात, पोरं चिडवायला लागतात तेव्हा, आणि पीटीचा तास त्याच्याही आधी सुटतो. जिने शाळेच्या मैदानावर पाय ठेवला नाही तिच्या ऑलिम्पिक फायद्यावर आपण दोन वर्षं भांडतोय.

आता तपासणीकडे येते. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते ट्रान्स नसलेल्या बायकांचंही होतं. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत खेळाडूंना डॉक्टरांच्या मंडळापुढून विवस्त्र जावं लागलं. १९६८ मध्ये मेक्सिकोत गालाच्या आतल्या पेशींमधली गुणसूत्रं बघणारी चाचणी आली आणि सगळ्यांना वाटलं, आता सभ्य आणि पक्कं उत्तर मिळालं. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेला स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो त्यात ‘नापास’ झाली. तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हतं, म्हणजे ज्या फायद्याची भीती होती तो तिला मिळणंच शक्य नव्हतं. तिची शिष्यवृत्ती गेली, बातमी वर्तमानपत्रात गेली, आणि १९८८ मध्ये तिला परत घेतलं तोवर उमेदीची वर्षं संपली होती. १९९६ मध्ये अटलांटात ३,३८७ महिलांची तपासणी झाली. आठ जणींमध्ये वाय गुणसूत्रावरचं, पुरुष-शरीराची घडण सुरू करणारं जनुक सापडलं आणि आठही जणींना खेळू दिलं. १९९९ मध्ये ऑलिम्पिक समितीने सरसकट चाचणी सोडून दिली. आज तीच चाचणी सुधारून परत आली आहे. अशा प्रतिसाद न देणाऱ्या शरीरांना अॅथलेटिक्सच्या नियमात सूट आहे, हा धडा निदान घेतला गेला. सरसकट आणि गुप्त चाचणी ही संशयावरून निवडून केलेल्या चाचणीपेक्षा बरी, हेही मी मान्य करते. पण ती गुप्त राहील याची हमी आपल्या देशात कोण देणार?

आपला अनुभव काय आहे? तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्य जिंकलं. लिंगचाचणीनंतर पदक काढून घेतलं आणि तिच्या शरीराची माहिती जगभरच्या बातम्यांत गेली. तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. पुढे आशियाई पदक मिळवलेली ही बाई वीटभट्टीवर रोजंदारी करत होती. त्याच दोहात रिलेचं सुवर्ण जिंकलेल्या पिंकी प्रामाणिकला २०१२ मध्ये, ती पुरुष आहे असं म्हणत केलेल्या बलात्काराच्या आरोपावरून, अटक झाली आणि तिच्या तपासणीची चित्रफीत लोकांच्या फोनवर पोचली. आरोप २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द केले. त्याच वर्षी द्युतीला टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेच्या नियमावरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून काढलं. ती आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात गेली, २०१५ मध्ये त्या नियमाला स्थगिती मिळवली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेतून दोन रौप्यपदकं घेऊन आली. तिघीही मुलगी म्हणून जन्मलेल्या, मुलगी म्हणून वाढलेल्या.

गावपातळीवर हेच कसं दिसतं ते मी पाहिलंय. शहरात शालेय स्पर्धा होती, सतरा वर्षांखालच्या मुली, ४०० मीटर. उमरेडकडची एक पोरगी, केस बारीक कापलेले, ओठावर लव, पहिल्या हीटमध्ये दहा-बारा मीटरने पुढे आली. माझ्या मागच्या पायरीवरून एक काका मोठ्याने म्हणाले, “हे पोट्टी हाय का पोट्टं?” आजूबाजूचे हसले. थोड्या वेळाने टेबलावरच्या एका पंचाने तिला बाजूला घेतलं. तिचे सर फोनमध्ये आधार कार्डाचा फोटो शोधत होते, मग शाळेचं बोनाफाइड मागितलं गेलं, मग कुणीतरी एका मॅडमला बोलावून ‘जरा बघून घ्या’ म्हणालं. मॅडमनी नकार दिला. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं, कारण त्या क्षणी नाही म्हणणं सोपं नव्हतं. तोवर फायनलची पुकार झाली होती. पोरगी अंग गरम न करता उभी राहिली आणि चौथी आली. पुढच्या मोसमात मी सरांना विचारलं, तर घरच्यांनी मैदान बंद केलं होतं. ट्रान्स खेळाडूंच्या भीतीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं ते मला त्या दिवशी कळलं. ज्यांना मुलींच्या खेळाची खरोखर काळजी आहे त्यांनी या पोरीबद्दल बोललं पाहिजे.

शरीराचा संबंध नसलेल्या खेळांत बंदी पोचते तेव्हा तर तिचं कारणच उरत नाही. आपल्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. त्याआधी, २०२४ च्या सुरुवातीला, तिनेच लिहिलं होतं की लोक खेळाऐवजी कपडे, केस आणि उच्चार बघतात. बुद्धिबळात महिला गट यासाठी आहे. मुली कमी येतात, टिकत नाहीत, त्यांना त्रास होतो. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, ट्रान्स स्त्रियांना महिला स्पर्धांबाहेर ठेवलं, पुढचा निर्णय होईपर्यंत, आणि त्याला दोन वर्षंही लागू शकतील असं सांगून. पटावर कोणतं हाड कामाला येतं? नेमबाजीत तर उलटं घडलं. १९९२ मध्ये बार्सिलोनात चीनच्या झांग शानने पुरुषांसह खेळल्या गेलेल्या स्कीटमध्ये (उडत्या चकत्यांवर नेम धरायच्या प्रकारात) सुवर्ण जिंकलं आणि १९९६ मध्ये स्कीटमध्ये बायकांना जागाच उरली नाही. गट पाडताना न्यायाचंच कारण असतं असं नाही, हे इतिहासात दिसतं. म्हणून प्रत्येक खेळाने आपलं कारण दाखवलं पाहिजे. धावण्याचं आहे, कुस्ती-बॉक्सिंगचं आहे, रग्बीचं आहे. बुद्धिबळाचं नाही.

‘त्यांना तिसरा गट द्या’ हा सल्ला चांगल्या मनाने येतो. जलतरण संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनला खुला गट ठेवला होता. एकही प्रवेशिका आली नाही. सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर एकटीने पोहायला कोण उतरेल? खाली, आपल्या माणसांत, तो गट फुलू शकतो. केरळने २०१७ मध्ये ट्रान्सजेंडर खेळाडूंची राज्यस्तरीय स्पर्धा घेतली. मणिपूरमध्ये २०२० पासून ट्रान्स पुरुषांचा फुटबॉल संघ आहे. नागपुरातही असं व्हावं, पण ज्यांना ते हवंय त्यांच्यासाठी. सगळ्यांना तिकडे ढकलायची सोय म्हणून नको.

माझ्या भूमिकेवरचा सगळ्यात अवघड आक्षेप मला एका प्रशिक्षकाने ऐकवला, आणि तो अगदी महाराष्ट्राचा आहे. तो म्हणाला, ताई, जिल्हा-तालुका म्हणजे नुसती हौस हे तुम्ही शहरातून म्हणता. इथे पदकावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे. शेतमजुराच्या पोरीची नोकरी त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. हे म्हणणं खरं आहे. त्याला ‘मन मोठं करा’ असं उत्तर मी देणार नाही, कारण मन मोठं करायचा खर्च नेहमी त्या पोरीच्याच वाट्याला येतो. पण यावर बंदीशिवाय उपाय आहे: अधिकची जागा. ट्रान्स मुलगी पात्र ठरली तर तिच्या मागच्या मुलीलाही पुढच्या फेरीत घ्यायचं. ती तिसरी आली तर चौथीलाही कांस्य आणि प्रमाणपत्र द्यायचं. संघात ती असेल तर एक राखीव जागा वाढवायची. अशा खेळाडूंची संख्या इतकी थोडी आहे की खर्च एखाद्या पदकाचा आणि एखाद्या एसटी तिकिटाचा येईल. राष्ट्रीय निवडीपासून पुढे मात्र जागतिक नियम, कारण तिथे जागा वाढवता येत नाही.

राज्याला हा प्रश्न टाळता येणार नाही हे पोलीस भरतीत दिसलंच. पुरुषांना १६०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा, बायकांना ८०० मीटर आणि ४ किलोचा. ट्रान्स उमेदवाराने कुठला उचलायचा? डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जात त्यांची सोय करा आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवा असं सरकारला बजावलं. खेळाच्या संघटनांनी कोर्टाची वाट पाहू नये. कोणत्या खेळात, कोणत्या पातळीपासून कोणता नियम, हे मराठीत लिहून काढावं. आक्षेप घ्यायचा तर राज्य संघटनेकडे लेखी, नाव देऊन, आणि शर्यत संपल्यावर. चौकशी डॉक्टरांनी करायची, तिचा अहवाल फक्त खेळाडूच्या हातात द्यायचा आणि तो फोडणाऱ्या पदाधिकाऱ्याला पदावरून काढायचं. हे सगळं पुढच्या मोसमाच्या प्रवेशिका निघायच्या आधी व्हायला हवं, म्हणजे टेबलावर बसलेल्या कुठल्याही पंचाला पोरीच्या ओठावरची लव बघून काही ठरवायचा अधिकारच राहणार नाही.